कप्तानाची उत्तरं

मिनाहारा बायसन्स पहिला सामना हरले तेव्हा ऑफिसात कोणाला फारसं काही वाटलं नाही. सप्टेंबरचा उकाडा होता, निम्मे खेळाडू उन्हाने हैराण झाले होते, आणि मागच्या वर्षी हाच संघ उपांत्य फेरीपर्यंत गेला होता. विभागप्रमुख हिराबायाशी-सान सोमवारच्या सभेत हसत म्हणाले, "एक सामना हरलाय, हंगाम नाही."

विश्वजित कारखानीस मागच्या रांगेत उभा होता. पुण्याहून टोकियोला येऊन त्याला तीन वर्षं होत आली होती. मिनाहारा डेन्की ही कारखान्यातल्या यंत्रांचे कंट्रोलर बनवणारी कंपनी. तो तिथे एका एजन्सीमार्फत कंत्राटावर सॉफ्टवेअर लिहायचा. अमेरिकन फुटबॉल, ज्याला जपानी लोक 'अमेफुटो' म्हणतात, तो इथे येईपर्यंत त्याने कधी पाहिलाही नव्हता. पण इथे या खेळाचे मोठे संघ कंपन्यांचे. दोन अमेरिकन खेळाडू फक्त खेळण्यासाठी पगारावर आणलेले, बाकीचे आठवडाभर टाय लावून टेबलाशी बसणारे. सामन्याला सगळ्या विभागाने गळ्यात निळा टॉवेल घालून हजर राहायचं, ही रीत. त्यात विश्वजितला कॉम्प्युटरमधलं कळतं म्हणून सामन्यांचं चित्रीकरण हिराबायाशी-साननी त्याच्या गळ्यात मारलं होतं. संघाचा कारभारही तेच बघायचे.

"रविवारीसुद्धा?" त्याच्या बायकोने, कौमुदीने, तेव्हा विचारलं होतं.

"नाही कसं म्हणू? आणि ओकुमुरा-सान कप्तान आहेत. त्यांच्यासाठी तरी जायला हवं."

ते खरंच होतं. ओकुमुरा विश्वजितच्या शेजारच्या टेबलाशी बसायचे. वय तेहतीस, मान डोक्याइतकीच रुंद, आवाज मात्र मऊ. विश्वजित-कौमुदी टोकियोबाहेरच्या ग्योतोकुला राहायला आले तेव्हा कचऱ्याच्या कुठल्या पिशवीत काय टाकायचं आणि ती कुठल्या वारी खाली ठेवायची, हे दाखवायला ते स्वतः शेजारच्या उरायासुतल्या आपल्या घरून सायकलने आले होते. 'व' त्यांना म्हणता येत नसे, म्हणून विश्वजितचं 'बिशु-सान' झालं होतं. मैदानावर ते लाइनबॅकर. समोरून पळत येणाऱ्याला अंगावर घेऊन आडवं करायचं, हे त्यांचं काम.

दुसऱ्या सामन्यात त्यांनी एकाला असंच आडवं केलं, आणि स्वतःही उठले नाहीत. काही क्षण स्टेडियम गप्प झालं. मग ते उठले, हात वर केला, टाळ्या पडल्या. डाव पुढे सुरू झाला. संघ तोही सामना हरला.

घरी बसून विश्वजित चित्रफीत कापत होता. तो डाव त्याने सावकाश चालवून पाहिला. डोक्यावर डोकं आदळलं. ओकुमुरा पाठीवर पडले, आणि त्यांचा उजवा हात कोपरातून सरळ होऊन हवेत तसाच ताठ राहिला. जणू कोणाला तरी थांब म्हणत होते. मग तो हात हळूहळू खाली आला.

कौमुदी मागे येऊन उभी राहिली. पुण्यात ती फिजिओथेरपिस्ट होती. इथे तिचा परवाना चालत नव्हता, म्हणून स्टेशनजवळच्या बेन्तोच्या, म्हणजे तयार जेवणाच्या डब्यांच्या, दुकानात अर्धवेळ 'अरुबाइतो' करायची, डब्यांत भात भरायची.

"परत दाखव," ती म्हणाली.

त्याने दाखवलं.

"तो हात बघितलास? मेंदूला मार बसला की असा ताठ होतो. ह्यानंतर खेळले ते?"

"शेवटपर्यंत."

स्क्रीनवर तो हात तसाच अर्ध्यावर थांबलेला होता. तिनेच पुढे होऊन लॅपटॉप मिटला.

त्याच महिन्यात अमेरिकेतली एक मोठी बँक बुडाली आणि बघता बघता मिनाहाराच्या ऑर्डरी आटल्या. लिफ्टमधल्या गप्पा थांबल्या. कॉफीचं यंत्र एक दिवस काढून नेलं. बायसन्स तिसरा सामना हरले, चौथाही हरले. अमेरिकन खेळाडूंपैकी एक जण आईच्या आजारपणासाठी म्हणून घरी गेला तो परतलाच नाही. मग सभेत हिराबायाशी-सान हसणं सोडून बोलले. संघ तळाला राहिला तर डिसेंबरात खालच्या गटातल्या विजेत्याशी सामना होईल. तो हरला तर बायसन्स खालच्या गटात जातील, आणि खालच्या गटातला संघ पोसायची कंपनीची सध्या परिस्थिती नाही.

संघ बंद झाला तर खेळाडूंचं काय, हे त्यांनी सांगितलं नाही. पण संघात दहा-बारा तरुण असे होते, ज्यांना कंपनीने खेळासाठीच ठेवलं होतं. त्यातला नागासे नावाचा मुलगा, नुकताच कॉलेजातून आलेला, सभा संपल्यावर ओकुमुरांच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. ओकुमुरांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं. "मी आहे ना," ते म्हणाले.

त्याच सुमारास जेवणाच्या सुट्टीत ओकुमुरांनी विश्वजितला एक सुचवलं. "बिशु-सान, तुमचं जपानी सुधारायला हवं. रोज मला प्रश्न विचारा, मी उत्तरं देतो. सोपे प्रश्न. आज कुठला महिना? मागचा सामना कोणाशी झाला? कुठल्या मैदानावर? कोण जिंकलं, किती गुणांनी?"

विश्वजितला मजा वाटली. रोज दुपारी तो विचारायचा, ओकुमुरा उत्तरं द्यायचे. कधी चुकायचे. मागच्या सामन्याचं मैदान विचारलं तर भलतंच सांगायचे. मग कपाळावर मूठ आपटून म्हणायचे, "परत विचारा." विश्वजितला वाटायचं, माणूस शिकवण्यात किती जीव ओततो!

बाकीच्या खुणा मात्र त्याच्या लक्षात येत होत्या. ओकुमुरा तोच मेल दोनदा पाठवायचे. स्क्रीनचा उजेड इतका कमी करून ठेवायचे की काय लिहिलंय ते शेजारून दिसत नसे. एकदा फोन वाजत राहिला आणि ते त्याच्याकडे नुसते बघत बसले.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी सामना नव्हता, म्हणून कौमुदीने त्यांना फराळाला बोलावलं. साये, त्यांची बायको, हातात संत्र्यांची पिशवी घेऊन आली. चकली सगळ्यांना आवडली. संध्याकाळ झाली तशी कौमुदीने बाल्कनीत दिव्यांची माळ लावली. लुकलुकणारी, चिनी बनावटीची. ओकुमुरांनी झटकन तोंड फिरवलं. थोड्या वेळाने ते हात धुवायला म्हणून उठले आणि बराच वेळ आले नाहीत. कौमुदी बघायला गेली. न्हाणीघराचं दार उघडंच होतं. दिवा न लावता, टबच्या काठावर, दोन्ही हातांनी डोकं धरून ते बसले होते.

"ओकुमुरा-सान, किती दिवसांपासून दुखतंय?" तिने मोडक्या जपानीत विचारलं.

त्यांनी वर पाहिलं. ओठांवर बोट ठेवलं. "कौमुदी-सान, डिसेंबरपर्यंत. फक्त डिसेंबरपर्यंत."

पाहुणे गेल्यावर ती विश्वजितला म्हणाली, "पहिल्या माराची सूज उतरायच्या आत दुसरा मार बसला ना, तर माणूस मैदानावरच जाऊ शकतो. मी उगाच घाबरवत नाहीये तुला. उद्या ऑफिसात बोल."

"कोणाशी? कंत्राटी माणूस मी. कप्तानाला खेळवू नका, असं मी सांगू?"

"हो. तूच सांग. बाकी कोणी सांगत नाहीये ना."

विश्वजित सोमवारी हिराबायाशी-सानच्या खोलीत गेला. ती चित्रफीत दाखवली, कौमुदी काय म्हणाली तेही सांगितलं. त्यांनी ती शेवटपर्यंत नीट पाहिली.

"तुमच्या पत्नी जपानमध्ये डॉक्टर आहेत का?"

"नाही. भारतात फिजिओथेरपिस्ट होत्या."

"असं." त्यांनी लॅपटॉप सावकाश त्याच्याकडे सरकवला. "ओकुमुरा प्रौढ माणूस आहे. बरं नसेल तर तो सांगेल. संघासाठी ही फार नाजूक वेळ आहे, कारखानीस-सान. तुम्ही काळजी दाखवलीत, आभारी आहे."

ते उठून वाकले. विश्वजितही वाकला. बाहेर आला तेव्हा ओकुमुरा आपल्या टेबलाशी बसून त्याच्याकडेच पाहत होते. त्यांना कळलं होतं, हे उघड होतं. ते रागावले नाहीत. दुपारी डबा उघडून नेहमीसारखं म्हणाले, "चला, प्रश्न विचारा."

कौमुदी मात्र गप्प बसणारी नव्हती. ती उरायासुला जाऊन सायेला भेटली. स्टेशनसमोरच्या छोट्या कॉफीच्या दुकानात दोघी बसल्या. एकीचं जपानी तुटकं, दुसरीचं इंग्रजी त्याहून तुटकं. पण सायेला फार समजावावं लागलंच नाही. तिने खिडकीतून सायकलींचा तळ दाखवला.

"तिथे त्याच्या दोन सायकली आहेत. सायकलने स्टेशनवर येतो आणि संध्याकाळी ती तिथेच विसरून चालत घरी येतो. मग म्हणतो, सायकल चोरीला गेली. तो झोपला की मी एक तरी परत घेऊन येते, त्याला काही बोलत नाही." तिने कपाभोवती दोन्ही हात धरले. "मी त्याला डॉक्टरकडे चल म्हटलं. म्हणाला, मी बसलो तर पोरांची नोकरी जाईल. मी डिसेंबरची वाट बघतेय, कौमुदी-सान. दुसरं काही मला येत नाही."

नोव्हेंबरात बायसन्स एक सामना कसाबसा जिंकले आणि तरीही तळालाच राहिले. डिसेंबरातला तो शेवटचा सामना कावासाकीच्या मैदानावर होता. आदल्या दिवशी ओकुमुरांनी विश्वजितला विचारलं, "उद्या बरोबर जाऊ या का? तुम्ही ग्योतोकुहून बसा, मी उरायासुच्या फलाटावर थांबतो. पहिल्या डब्यापाशी."

कप्तानाला सोबत कशाला हवी, हे विश्वजितने विचारलं नाही.

सकाळी गाडी उरायासुला थांबली तेव्हा ते पहिल्या डब्यापाशीच होते, खांद्यावर भली मोठी बॅग, बाजूला साये. साये चढली नाही. दार बंद होताना तिने विश्वजितकडे पाहिलं आणि खूप खाली वाकली. गाडी निघाली तरी ती वाकलेलीच होती. निहोनबाशीला गाडी बदलायची होती. विश्वजित उठला. ओकुमुरा बसूनच होते. त्याने बाहीला हात लावला तेव्हा ते उठून निमूटपणे त्याच्या मागे चालू लागले, आणि कावासाकी येईपर्यंत तसेच मागे राहिले.

त्या दिवशी थंडी कडाक्याची होती आणि आभाळ खाली आलं होतं. विश्वजितने एक कॅमेरा वर स्टँडमध्ये लावून दिला आणि दुसरा घेऊन संघाच्या बाकांजवळ उभा राहिला. वर निळ्या टॉवेलांची रांग ढोल वाजवत होती. कौमुदी त्या रांगेच्या टोकाला बसली होती. ती टाळ्या वाजवत नव्हती.

मध्यंतराच्या थोडं आधी बायसन्स सात गुणांनी मागे होते. समोरचा धिप्पाड खेळाडू चेंडू पोटाशी धरून मधूनच घुसला. ओकुमुरा त्याला सामोरे गेले. आवाज विश्वजितला स्पष्ट ऐकू आला, लाकडावर लाकूड आपटावं तसा. दोघे पडले. धिप्पाड खेळाडू उठला. ओकुमुरा गुडघ्यांवर आले, आणि गवतात काहीतरी शोधत असल्यासारखे हात फिरवू लागले.

शिट्टी झाली. लीगने सामन्यासाठी नेमलेल्या डॉक्टर, चष्मा लावलेल्या पन्नाशीच्या बाई, पळत आल्या. नागासेने आणि आणखी एकाने ओकुमुरांना धरून बाकावर बसवलं. हिराबायाशी-सानही आले.

"ओकुमुरा-सान, हा महिना कुठला?" डॉक्टरांनी विचारलं.

"डिसेंबर."

"आपण कुठल्या मैदानावर आहोत?"

"कावासाकी."

"मागचा सामना कोणाशी झाला? कुठल्या मैदानावर? कोण जिंकलं? किती गुणांनी?"

ओकुमुरांनी न अडखळता सांगितलं. मैदान, प्रतिस्पर्धी, गुण. सगळं बरोबर.

विश्वजितने हातातला कॅमेरा खाली केला. मागच्या सामन्याचे तेच प्रश्न होते. त्याच क्रमाने. रोज दुपारी, डबा खाताना, चुकलं की परत, चुकलं की परत.

डॉक्टर मान हलवून उभ्या राहिल्या. ओकुमुरांनी हेल्मेट उचललं.

"सेन्सेइ," विश्वजित डॉक्टरांना म्हणाला. "ही उत्तरं पाठ केलेली आहेत. मीच रोज पाठ करून घेतलीत. मला माहीत नव्हतं."

"कारखानीस-सान," हिराबायाशी-सान हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही कॅमेरा बघा."

"त्यांना दुसरं काहीतरी विचारा. काहीही विचारा."

वर ढोल थांबला होता. पंच घड्याळाकडे बोट दाखवत होते. डॉक्टरांनी विश्वजितकडे पाहिलं, मग हिराबायाशी-सानकडे. मग त्या ओकुमुरांच्या समोर गवतावर बसल्या.

"आज सकाळी इथे कसे आलात?"

"ट्रेनने."

"कोणाबरोबर?"

ओकुमुरा विचारात पडले. "एकटाच," ते म्हणाले.

ओकुमुरांनी एकेकाचा चेहरा पाहिला, नागासेचा, डॉक्टरांचा, आणि शेवटी विश्वजितचा. उत्तर चुकलंय, हे त्यांना त्या चेहऱ्यावरून समजलं. काय चुकलंय, ते मात्र समजत नव्हतं. लहान मुलासारखे त्यांचे डोळे भरून आले.

"बिशु-सान?"

डॉक्टरांनी त्यांच्या मांडीवरचं हेल्मेट काढून घेतलं.

अॅम्ब्युलन्समध्ये त्यांना उलट्या सुरू झाल्या आणि हॉस्पिटलमध्ये पोचेपर्यंत शुद्ध गेली. कवटीखाली रक्त साकळलं होतं. जुनं होतं आणि ताजंही. त्याच संध्याकाळी ऑपरेशन झालं. सर्जन सायेला म्हणाले, आणखी एक धक्का बसला असता तर इथे आणायचा प्रश्नच आला नसता. कौमुदी सायेचा हात धरून बसली होती. तिला त्यातले निम्मेच शब्द कळले, पण तेवढे पुरले.

बायसन्स तो सामना हरले. किती गुणांनी, ते विश्वजितने पाहिलं नाही.

नागासे मैदानावरून तसाच हॉस्पिटलात आला, गालावर माती घेऊन. विश्वजित कॉरिडॉरमध्ये उभा होता. नागासे त्याच्या शेजारी भिंतीला टेकला.

"तुम्ही नसतात तर कप्तान गेले असते," तो म्हणाला. "हे मला कळतं. पण ती उत्तरं त्यांची एकट्याची नव्हती, कारखानीस-सान. आम्ही सगळेच पाठ करतो. कॉलेजात असल्यापासून. प्रश्न बदलतच नाहीत."

"तुझंही डोकं दुखतं?"

नागासे बुटांकडे बघत राहिला.

दुसऱ्याच आठवड्यात विश्वजितने त्या डॉक्टरांना शोधून काढून हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "प्रश्न बदलायला मी सांगेन. ते बदलतील की नाही, माझ्या हातात नाही."

जानेवारीत सभेमध्ये जाहीर झालं, मिनाहारा बायसन्स विसर्जित. हिराबायाशी-साननी मजकूर वाचला, त्यात 'बदलती आर्थिक परिस्थिती' असं होतं. कप्तानाचं नाव नव्हतं. विश्वजितला कोणी काही बोललं नाही, पण जेवायला जाताना त्याला हाक मारणंही बंद झालं. तो टेबलाशीच डबा खायचा. शेजारची खुर्ची रिकामी. मार्चमध्ये सगळ्याच कंत्राटी लोकांना निरोप मिळाला, तेव्हा त्याला जवळजवळ सुटल्यासारखं वाटलं. कायाबाचोतल्या एका छोट्या कंपनीत त्याला कमी पगाराचं काम मिळालं. ग्योतोकुचं घर सुटलं नाही. नागासेला पश्चिमेकडच्या एका संघाने घेतल्याचं त्याच्या कानावर आलं. त्याने दोनदा फोन केला. नागासेने उचलला नाही.

मे महिन्यात साये आणि ओकुमुरा नागाओकाला निघाले, ओकुमुरांच्या आईवडिलांकडे. कंपनीने नोकरी ठेवली होती, पण ओकुमुरांना कांजी लिपी वाचताना ओळ सापडत नसे आणि ऑफिसातला आवाज सोसत नसे. विश्वजित आणि कौमुदी टोकियो स्टेशनवर त्यांना पोचवायला गेले. ओकुमुरांनी टोपी घातली होती. मान बारीक झाली होती. फलाटावरच्या घोषणा सुरू झाल्या की ते डोळे मिटून घेत.

विश्वजितला वाटत होतं, काहीतरी बोलतील. राग, आभार, काहीही. ते फक्त त्याच्या शेजारी उभे राहिले, खांद्याला खांदा लागेल इतके जवळ. गाडी फलाटाला लागली तेव्हा ते कौमुदीकडे वळले.

"कौमुदी-सान, हे डोकं अजून किती दिवस दुखेल?"

"मला माहीत नाही," कौमुदी म्हणाली. "इथल्या डॉक्टरांनाही माहीत नसणार. थांबेल, किंवा थांबणार नाही. पण दुखलं की सायेला सांगायचं. लपवायचं नाही."

त्यांनी मान डोलावली. सायेने तिकिटं काढून डब्याचा नंबर पाहिला, नवऱ्याच्या कोपराला धरलं आणि दाराकडे चालू लागली. दारापाशी ओकुमुरा थांबले. एक पाय आत, एक फलाटावर. आत जायचं की बाहेर यायचं, हे त्यांना क्षणभर कळेना. मागच्या माणसाने सुटकेस खाली ठेवून वाट पाहिली. मग साये काहीतरी म्हणाली, अगदी हळू, आणि ते आत गेले.